नाशिकमध्ये ट्रॅव्हल एजंट व्हायचंय? पहिल्या नोकरीपासून पहिल्या सहलीच्या हिशेबापर्यंत

उन्हाळी सहलींचा हंगाम ओसरला की माझ्या ऑफिसात दोन-चार मुलंमुली हमखास येतात. ‘ताई, मला फिरायची खूप आवड आहे, ट्रॅव्हल लाइनमध्ये यायचंय.’ मी चहा मागवते आणि विचारते, ‘लोकांचे पैसे सांभाळायला जमेल का?’ प्रश्न ऐकून मुलं गोंधळतात. पण नाशिकमध्ये माझ्या डोळ्यांदेखत जी ऑफिसं बंद पडली, त्यांतली बहुतेक गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बंद पडली नाहीत. दिवाळीच्या सहलीचे ॲडव्हान्स उन्हाळ्याची देणी भागवायला वापरले, पुढच्या हंगामात माणसं कमी आली, आणि सगळं एकदम अंगावर आलं. सहल सुखरूप परत येईपर्यंत खात्यातला पैसा आपला नसतो. ज्याला हे पटेल त्याने या धंद्यात जरूर यावं, कारण काम फार समाधानाचं आहे. कसं यायचं ते क्रमाने सांगते.

आधी दुकान कशाचं, ते ठरवा

‘ट्रॅव्हल एजंट’ या एका पाटीखाली पाच वेगवेगळे धंदे चालतात: रेल्वे, विमान आणि बसची तिकिटं, इथल्या लोकांना बाहेर नेणाऱ्या सहली, बाहेरून येणाऱ्यांची इथली सोय, व्हिसा आणि पासपोर्टची कागदपत्रं, आणि गाड्या भाड्याने देणं. पहिल्या वर्षी पाचही पाट्या लावू नका.

नवीन माणसाने बाहेरून येणाऱ्यांपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. केरळ किंवा काश्मीर विकायला तुमच्यासमोर शंभर मोठ्या कंपन्या उभ्या आहेत. पण नागपूरहून किंवा हैदराबादहून कुटुंब त्र्यंबकेश्वरला येतं, तेव्हा त्याला नाशिकचा खाचखळगा माहीत असलेला माणूस हवा असतो. नाशिकरोड स्टेशन शहराच्या मध्यापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे, हेही त्यांना ठाऊक नसतं. त्र्यंबक शहरापासून साधारण ३० किलोमीटर, वणीचा सप्तशृंगी गड ६० च्या आसपास, शिर्डी ९० च्या. नकाशावर हे तिन्ही दोन दिवसांत बसतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर बसत नाही, आणि हे त्यांना आधी सांगणारा एजंट त्यांच्या लक्षात राहतो.

खरं ज्ञान इथल्या पंचांगात आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटणारी गर्दी ज्याला माहीत नाही, तो त्याच्या आदल्या रात्री त्र्यंबकमध्ये खोली मिळेल असं कबूल करून बसतो. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात सप्तशृंगी गडावर खासगी गाड्या सोडत नाहीत. नांदुरीला गाडी लावून एसटीने वर जावं लागतं. गडावर फनिक्युलर ट्रॉली आहे, पण तिलाही त्या दिवसांत रांग असते. नारायण नागबळीचा विधी तीन दिवसांचा असतो, म्हणजे मुक्काम, सात्त्विक जेवण आणि गाडी तिन्ही दिवसांची धरावी लागते; कालसर्प शांतीला एक दिवस पुरतो. पूजेचं मात्र परस्पर कबूल करू नका. ती त्र्यंबकच्या पुरोहितांकडची बाब आहे. यजमानाने गुरुजींशी स्वतः बोलावं, आपण गाडी आणि खोली बघावी. रामकुंडावर पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या किती वर पाणी आलंय, हे सकाळी एक फोन करून विचारायची सवय लावून घ्या.

२०२६-२७ चा सिंहस्थ हा या शहराचा सगळ्यात मोठा हंगाम. तो बारा वर्षांनी येतो, मागचा २०१५ मध्ये झाला. सिंहस्थात नवशिका पैसे कमावतो तसाच बुडतोही, कारण पर्वणीच्या दिवसांत गाड्या शहराबाहेरच्या तळांवर थांबवतात आणि पुढे बस किंवा पायी जावं लागतं. ‘घाटापर्यंत गाडी’ हे शब्द व्हाउचरवर, म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायच्या बुकिंगच्या कागदावर, लिहून देऊ नका.

कुठे शिकायचं

पदवी बंधनकारक नाही. ज्याला शिकूनच यायचं आहे त्याच्यासाठी पर्यटन मंत्रालयाची आयआयटीटीएम ही संस्था आहे, तिचं मुख्य केंद्र ग्वाल्हेरला आहे. विमान तिकिटांत करिअर करायचं असेल तर आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा ट्रॅव्हल अँड टुरिझमचा फाउंडेशन डिप्लोमा उपयोगी पडतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांत अमेडियस किंवा गॅलिलिओ ही तिकीट बुकिंगची सॉफ्टवेअर हाताळता येतात का, हे विचारतात.

तरी कोर्स करा किंवा नका करू, किमान एक वर्ष कुणाच्या तरी ऑफिसात नोकरी करा. त्यात एक दिवाळी आणि एक मे महिना आलाच पाहिजे. तिकीट काढणं आठवड्यात येतं. रद्द झालेल्या सहलीतल्या बारा माणसांशी बोलणं वर्षभर बघितल्याशिवाय येत नाही. टूर मॅनेजर म्हणून एकदा तरी बसबरोबर जा. रात्री अकराला हॉटेलात पोचल्यावर चाळीस माणसांना किल्ल्या वाटायच्या, वर चढता न येणाऱ्यांना खालच्या मजल्यावर खोल्या द्यायच्या, आणि सगळे झोपल्यावर ड्रायव्हर जेवला का ते बघायचं. हे काम आवडलं तर पुढे या.

कागदपत्रं

या भागाला लोक उगाच घाबरतात. शॉप ॲक्टखाली वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात ऑनलाइन सूचना देऊन पावती घेतली की झालं. उद्यम ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी फुकट आहे, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. व्यवसाय कराची नोंदणी करा आणि फर्मच्या नावाने करंट खातं उघडा. महिलांसाठी राज्याच्या पर्यटन विभागाचं ‘आई’ धोरण आहे. त्यात पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. अटी पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात जाऊन नीट समजून घ्या.

जीएसटीकडे मात्र लक्ष द्या. सेवा व्यवसायाला वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. इथे नवे लोक फसतात, कारण ते उलाढाल म्हणजे आपला नफा समजतात. पॅकेज तुमच्या नावाने विकलं की गिऱ्हाइकाकडून घेतलेली पूर्ण रक्कम उलाढालीत धरली जाते. सोळा माणसांची, डोई १०,६०० रुपयांची सहल म्हणजे १,६९,६०० रुपये. अशा बारा सहलींत तुम्ही २० लाखांच्या पुढे जाता, मग हातात काहीही उरलेलं असो. पॅकेजवर साधारण ५ टक्के कर लागतो आणि त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. नुसत्या सर्व्हिस चार्जवर १८ टक्के. परदेशी पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर, तोही गोळा करावा लागतो. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत आले आहेत, म्हणून परदेशी सहलीचं पहिलं कोटेशन देण्याआधी सीएला फोन करा.

तिकिटं: पैसा कमी, ओळख जास्त

विमान कंपन्या पूर्वी एजंटला चांगलं कमिशन द्यायच्या. ते घटत घटत जवळपास संपलं. आज लहान एजंट स्वतः आयाटाची मान्यता घेत नाही, कारण बँक गॅरंटी परवडत नाही. तो मोठ्या कन्सॉलिडेटरच्या, म्हणजे तिकिटांच्या घाऊक विक्रेत्याच्या, पोर्टलवर पैसे भरून ठेवतो आणि तिथून तिकीट काढतो. कमाई गिऱ्हाइकाला सांगून घेतलेल्या सर्व्हिस चार्जची. तो बिलावर वेगळा दाखवा. भाड्यात लपवलेले पाचशे रुपये गिऱ्हाईक मोबाइलवर दोन मिनिटांत शोधून काढतं आणि पुन्हा येत नाही.

रेल्वेचं तिकीट काढून द्यायचं तर आयआरसीटीसीचा अधिकृत एजंट व्हा. स्वतःच्या साध्या आयडीवरून लोकांची तिकिटं काढून पैसे घेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वेचं सुरक्षा दल (आरपीएफ) अशा दुकानांवर छापे घालतं. ‘सगळेच करतात’ यावर जाऊ नका. दोन गोष्टी गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगून टाका. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. आणि जुलै २०२५ पासून तत्काळच्या पहिल्या अर्ध्या तासात, म्हणजे एसीसाठी १० ते १०.३० आणि नॉन-एसीसाठी ११ ते ११.३०, एजंटला बुकिंग करता येत नाही. तेव्हा तत्काळची हमी देणारा एजंट एकतर खोटं बोलतो, नाहीतर काहीतरी चोरून करतो.

देवळालीत काम करणारे बरेच केंद्र सरकारी कर्मचारी एलटीसीसाठी, म्हणजे सरकारकडून मिळणाऱ्या प्रवास सवलतीसाठी, विचारतात. त्यांचं विमान तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढलेलं चालतं. तुमच्याकडून काढलं तर क्लेम अडकेल. हे स्वतःहून सांगितलं तर एक तिकीट जातं, पण त्या कुटुंबाच्या पुढच्या सगळ्या सहली तुमच्याकडे येतात. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचंही असंच, ते बुकिंग फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर होतं. बनावट साइट्सना बळी पडून लोक दरवर्षी पैसे घालवतात.

सहलीचा हिशेब

इथे जरा थांबून, कागद-पेन घेऊन वाचा. धंदा टिकतो की बुडतो ते या एका पानावर ठरतं.

नाशिक-ओंकारेश्वर-उज्जैन, चार दिवस, तीन मुक्काम, १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर. सोळा पाहुणे आणि एक मॅनेजर. भाव उदाहरणासाठी धरले आहेत, तुम्ही त्या दिवसाचे घाला, पण रीत हीच ठेवा. जाऊन-येऊन अंतर अकराशे किलोमीटरच्या आसपास. गाडीवाला मात्र बाहेरगावी रोजचे किमान ३०० किलोमीटर धरतो, म्हणजे बिल १,२०० चं. किलोमीटरला २८ रुपये धरले तर ३३,६०० रुपये. मोजणी गॅरेज ते गॅरेज, म्हणजे गाडी मालकाकडून निघून परत त्याच्याकडे पोचेपर्यंत असते, हेही विसरू नका. ड्रायव्हर भत्ता २,०००, टोल-पार्किंग ६,०००, मॅनेजरचा पगार ६,००० आणि जेवण २,०००, त्याचा मुक्काम ड्रायव्हरबरोबर. अडीअडचणीला ४,०००. माणसं किती आली यावर न बदलणारा हा खर्च झाला ५३,६००.

आता माणशी खर्च. दोघांत एक खोली, २,००० रुपयांची, तीन रात्री: डोई ३,०००. जेवण-नाश्ता रोज ५००, चार दिवस: २,०००. एकूण ५,०००.

सोळा माणसांवर ५३,६०० वाटले तर डोई ३,३५० येतात, आणि माणसामागे खर्च ८,३५०. नवा एजंट इथेच चुकतो. तो वर ८५० नफा धरतो, ९,२०० ला जाहिरात करतो, आणि माणसं येतात बारा. बारांवर तेच ५३,६०० वाटले की खर्च होतो ९,४६७. प्रत्येकामागे २६७ रुपये खिशातून जातात, चार दिवस राबून सव्वातीन हजारांचा खड्डा. तो भरायला पुढच्या सहलीचा ॲडव्हान्स समोर दिसत असतो, आणि लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली साखळी नेमकी इथून सुरू होते.

म्हणून भाव काढताना गाडी तीन-चतुर्थांश भरेल असंच धरा. ९,४६७ वर नफा धरून १०,६००, वर कर. बारा आले तर हातात साडेतेरा हजार राहतात. सोळा आले तर ३६,०००, आणि तेव्हा चांगल्या हॉटेलात एक जेवण वाढवा, लोक खूश होतात. दहापेक्षा कमी नोंदणी झाली तर सहल रद्द करून पूर्ण पैसे परत, हे पत्रकावर ठळक छापा. महाकालच्या भस्म आरतीला आधी नोंदणी लागते आणि ती सगळ्यांना मिळतेच असं नाही, म्हणून ती पॅकेजमध्ये धरू नका. ‘मिळाल्यास’ हा शब्द छापील असू द्या.

पैशाची शिस्त

दोन खाती ठेवा. गिऱ्हाइकाचा प्रत्येक रुपया सहलीच्या खात्यात जमा करा, आणि त्यातून फक्त त्याच सहलीचं हॉटेल, गाडी, तिकीट द्या. ऑफिसचं भाडं, पगार आणि तुमचं घर दुसऱ्या खात्यावर चालवा. सुरुवातीला सहा महिन्यांचा घरखर्च आणि ऑफिसखर्च वेगळा ठेवल्याशिवाय पाटी लावू नका. ज्यांच्याकडे तेवढे नाहीत त्यांनी घरून काम सुरू करावं. या कामाला रस्त्यावरचा गाळा लागतोच असं नाही.

रद्द करण्याच्या अटी एका पानात, मराठीत लिहा: किती दिवस आधी रद्द केलं तर किती पैसे परत. हॉटेलने तुम्हाला ज्या अटी दिल्या आहेत त्यापेक्षा सैल अटी गिऱ्हाइकाला देऊ नका. सही घ्या. ग्राहक आयोगात प्रकरण गेलं तर ‘हॉटेलची चूक होती’ एवढं म्हणून एजंट सुटत नाही, कारण पैसे त्याने घेतलेले असतात.

गाडी, व्हाउचर आणि तारखेचा घोळ

गाडी पिवळ्या नंबरपाटीची, म्हणजे भाड्याने चालवायच्या परवान्याचीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि लोकांना त्या गाडीत तुम्ही बसवलेलं असतं. परमिट, फिटनेस आणि विम्याचे फोटो मागवून फाइलला लावा.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. इंदिरानगरची दोन निवृत्त जोडपी पहिल्यांदाच परदेशी निघाली होती. मुंबईहून विमान १५ तारखेला ००.४० वाजता. मी तिकिटं पाकिटात घालून दिली, हसून निरोप दिला. १४ तारखेला संध्याकाळी सातला सहज फोन केला, ‘काका, कुठपर्यंत पोचलात?’ ते म्हणाले, ‘अहो, घरीच आहोत. विमान उद्या रात्री ना?’ माझ्या हातपायांतलं बळ गेलं. तेव्हा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला नव्हता. कसारा घाट, मग भिवंडीची कोंडी. काउंटर बंद झाल्यावर ते पोचले. काकूंनी त्या सहलीसाठी विणलेला स्वेटर हातातच धरला होता, असं काकांनी नंतर सांगितलं. चारही नवी तिकिटं मी माझ्या पैशांनी काढली, कारण त्यांनी छापलेलं बरोबरच वाचलं होतं. समजावून सांगायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक व्हाउचरवर पहिली ओळ मराठीत आणि मोठ्या अक्षरांत असते: ‘सोमवार, १४ तारीख, दुपारी ३ वाजता नाशिकहून निघायचं.’ विमानाची वेळ त्याच्या खाली. नाशिकच्या माणसाचा प्रवास मुंबईच्या विमानतळावर सुरू होत नाही, घराच्या दारात सुरू होतो. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर घाटाचा त्रास कमी झाला, पण आमणेच्या पुढची वाहतूक आहेच. मी अजूनही दोन तास जास्तीचे धरते.

नावांचीही अशीच काळजी घ्या. तिकीट काढण्याआधी पासपोर्टचा फोटो मागवा आणि अक्षर-अक्षर ताडून बघा. लग्नाआधीचं नाव पासपोर्टवर आणि नंतरचं आधारवर, हे आपल्याकडे घरोघरी असतं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी शिल्लक हवी. (पासपोर्टची पुस्तिका छापतात आपल्याच नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. मुलांना हे सांगितलं की त्यांना फार अप्रूप वाटतं.) युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ३०,००० युरोंचा विमा लागतो आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. व्हिसा मिळेलच असं कुणालाही, सख्ख्या मामालाही, कबूल करू नका.

गिऱ्हाईक कुठून येतं

या शहराचं वेळापत्रक समजून घ्या. निफाड-दिंडोरीची द्राक्षं मार्च-एप्रिलपर्यंत निघतात आणि पैसे हातात आले की शेतकरी कुटुंबं मे महिन्यात निघतात. त्यांच्याशी जानेवारीत बोलून ठेवा, पण ॲडव्हान्ससाठी मागे लागू नका. त्या महिन्यांत त्यांचा जीव मालात आणि हवामानात अडकलेला असतो. सातपूर-अंबडच्या कंपन्यांची दिवाळीची सुट्टी, शाळांच्या सहली, कॉलनीतले ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळं. मंडळाला भेटायला जाल तेव्हा पत्रक वाटून निघून येऊ नका. बसा, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला साखर आहे, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, ते वहीत लिहा. ती वही पुढची दहा वर्षं कामाला येते.

पहिली सहल आणि तिची फाइल

पहिली सहल एका दिवसाची आणि घराजवळची काढा: पंचवटी, काळाराम, पांडवलेणी, अंजनेरीचा पायथा, त्र्यंबक. सगळी ठिकाणं आदल्या आठवड्यात स्वतः त्याच वेळी, त्याच क्रमाने फिरून या. स्वच्छतागृह कुठे आहे, पाणी कुठे भरता येतं, दुपारी सावली कुठल्या बाजूला असते, हे लिहून ठेवा. सहलीच्या दिवशी फोन चार्ज ठेवा आणि प्रत्येक वेळी गाडी हलण्याआधी माणसं मोजा.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरी फोन करा. कुठे कमी पडलं ते विचारा आणि मधेच खुलासा न करता ऐकून घ्या. न झालेल्या जेवणाचे, न वापरलेल्या गाइडचे पैसे त्यांनी मागायच्या आधी परत पाठवा. हॉटेल आणि गाडीवाल्याची बाकी चुकती करा, पावत्या फाइलला लावा, कराची रक्कम बाजूला काढा. मग सहलीच्या खात्यात जे उरेल तेवढंच स्वतःच्या खात्यात वळतं करा आणि फाइलवर तारीख घालून ती बंद करा.